खांद्यावरचा भंडारा

पौषात कराडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसायची वेळ आली की मी माणसांचे खांदे बघतो. कुणाच्या पांढऱ्या टोपीच्या कडेला, कुणाच्या कॉलरखाली, आईच्या खांद्यावर झोपलेल्या एखाद्या पोराच्या केसांत हळदीचा पिवळा रंग उतरलेला असतो. ही माणसं पालच्या खंडोबाच्या जत्रेहून आलेली. त्यांना विचारावं लागत नाही. चैत्रात हाच रंग गुलाबी होतो, तेव्हा समजायचं की मंडळी जोतिबाचा डोंगर उतरून आलीत. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला गुलालानं माखलेली माणसं पिशवीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन दिसली, तर ती म्हसवडला सिद्धनाथाचा रथ ओढून आलेली असणार. आमच्या सातारा-सांगलीकडे देव असा रंगावरून ओळखता येतो. देवळं गावात राहतात आणि त्यांचे रंग एसटीनं शहरात येतात.

या रंगांतला पिवळा मला सर्वांत जवळचा, कारण मी सांगलीचा. सांगलीत हा रंग देवळाआधी बाजारात भेटतो.

हळदीचे सौदे सुरू झाले की मार्केट यार्डाच्या बाजूनं जाताना नाकाला आधी कळतं. थोडा मातीचा, थोडा कडवट, उबदार असा तो वास असतो. खणून काढलेली हळद शेतावरच शिजवतात, वाळवतात, घासून चकचकीत करतात आणि मग हळकुंड होऊन ती पोत्यातून इथं येते. आपल्या मिरज-वाळवा पट्ट्यातली येते, कर्नाटकातून येते, पार तेलंगणातूनही येते. व्यापारी हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. त्या मोडण्याचा टक्क असा आवाज होतो. वरच्या सालीवर कुणी विश्वास ठेवत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या शहराची ओळख तीच होती. १८०१ मध्ये मिरजेच्या पटवर्धनांच्या वाटणीतून सांगली वेगळी झाली, चिंतामणरावांनी इथं राजधानी केली, पेठ वसवली. तेव्हापासून हे गाव देवघेवीवर वाढलेलं आहे.

संध्याकाळी यार्डातून हमाल घरी निघतात. त्यांच्या मानेवर, भुवयांवर, खांद्यावरच्या टॉवेलावर हळद बसलेली असते. लहानपणी पहिल्यांदा असा हमाल बघितला तेव्हा मी आजीला विचारलं होतं, "हे पालला जाऊन आले का गं?" आजी म्हणाली, "नाही रे, कामावरनं आले." आणि थोडं थांबून म्हणाली, "हळद तीच." आजीचे ते दोन शब्द मी इतकी वर्षं मनात धरून आहे. पोत्यात असते तोवर हळद हा माल, ताम्हणात आली की भंडारा. मधे कुठलाही मोठा विधी नाही. हातानं उचलून कपाळाला लावली की झालं.

सांगलीपासून कृष्णेच्या काठानं हरिपूरला गेलं, की जिथं वारणा येऊन मिळते त्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. लोक तिथं जातात, संगमाचं पाणी बघतात, परत येतात. मी सांगेन की हरिपुरातलं दुसरं देऊळही मनानं बघून यावं. ते जमिनीखाली होतं. हळद साठवायची पेवं. तोंड एवढं अरुंद की एक माणूस जेमतेम उतरेल, आणि खाली मात्र पोट ऐसपैस. तिथली माती अशी की त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, तिला कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा बाहेर जाईपर्यंत थांबायचं, मग उतरायचं. हे थांबणं मला फार अर्थाचं वाटतं. गाभाऱ्याचा उंबरा ओलांडताना आपण जसे क्षणभर थबकतो, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ देतो, तसंच ते. बारीक तोंड, आत गारवा, अंधार, आणि त्या अंधारात साठवून ठेवलेला पिवळा रंग. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली आणि ही साठवण जवळजवळ संपली. पुढं गोदामं आली, शीतगृहं आली. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तर अर्धं शहरच पेवासारखं भरलं होतं. पाणी चढत असताना घाटाकडच्या बायका कृष्णामाईची ओटी भरायला आल्या होत्या. खण, नारळ आणि कुंकवाशेजारी चिमूटभर हळद.

तर हा पिवळा रंग खंडोबाचाच का? याची सरळ उत्तरं पुष्कळ आहेत. तो मार्तंडभैरव, सूर्याचं रूप, म्हणून सोन्याचा रंग. ते खरंच आहे. पण मला त्या देवाच्या घरातून येणारं उत्तर जास्त भावतं. खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची लेक, दुकानातली, तराजूतली, उंबऱ्याच्या आतली. बाणाई धनगराची, मेंढरामागं रानोमाळ फिरणारी. तिच्यासाठी देव घरदार सोडून गेला आणि मेंढरं राखत राहिला. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी आणि बाणाईचं देऊळ पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षं धनगरांबरोबर हिंडले आणि १९८९ मध्ये पश्चिम भारतातल्या पशुपालकांच्या दैवतांवरचं त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं. ही अभ्यासक मंडळी ज्या वाटेनं गेली तिच्यावरून मी सांगलीचा नकाशा बघतो, तेव्हा हे दोन बायकांचं लग्न मला आमच्या जिल्ह्याचंच वाटायला लागतं. पश्चिमेला कृष्णाकाठ, ऊस, हळद, दुकानं, म्हणजे म्हाळसेचं माहेर. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. पावसानं पाठ फिरवलेला मुलूख, मेंढरांचे कळप, आरेवाडीच्या बनातला बिरोबा. ती बाणाईची बाजू. साताऱ्यातही तसंच. महाबळेश्वराकडे कोसळणारा पाऊस आणि माण-खटावात कोरडी ढेकळं. या दोन मुलखांची गाठ कुठं पडते? बाजारात आणि जत्रेत. खंडोबा हा बाजार आणि रान यांची सोयरीक जमवणारा देव आहे, आणि सोयरीक म्हटली की हळद आलीच.

म्हणून मला शहरात त्याचं अडत नाही याचं नवल वाटत नाही. शहर म्हणजे तरी काय, निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या माणसांनी एका जिन्यानं वर जाणं.

आमच्या इमारतीत चंपाषष्ठीला हे दरवर्षी दिसतं. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, सहा दिवसांचं खंडोबाचं नवरात्र उठायचा दिवस. ज्यांच्या घरी कुळाचार आहे त्यांच्याकडे चातुर्मासात वांगं आणि कांदा बंद असतो. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा देवाला दाखवून दोन्ही पुन्हा ताटात येतात. सकाळी जिन्यातून जाताना तिसऱ्या मजल्यावर भाजलेल्या वांग्याच्या सालीचा वास, चौथ्यावर लसणीचा. खरी गंमत तळी भरण्याची. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, मधोमध भंडाऱ्याची रास. देवघरातला टाक काढून त्यात ठेवायचा. टाक म्हणजे तळहातापेक्षा लहान चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोड्यावरचा देव. पिढ्यान् पिढ्या पुसून पुसून त्याचं नाक-तोंड झिजलेलं असतं, घोडा मात्र बोटाला अजून लागतो. मग पाच पुरुषांनी ताम्हणाला हात लावून ते उचलायचं, येळकोट करायचा, खाली ठेवायचं, पुन्हा उचलायचं.

पाच. वाड्यात पाच माणसं कमी नव्हती. दोन खोल्यांच्या फ्लॅटात बाप आणि एक मुलगा, बस्स. मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर एकटा बापच. मग बेल वाजते. "काका, जरा तळी उचलायला या की. एक कमी पडतंय." हातातलं वर्तमानपत्र ठेवून मी जातो. समोरच्या दारातले आलेले असतात, खालचा रखवालदार आलेला असतो. कुणाची जात कोणती, कुणाचं कुलदैवत कोणतं, हे त्या घटकेला विचारायचं नसतं. कुणी विचारतही नाही. पाच मनगटं एका ताम्हणाखाली येतात. एकाच्या हातात घड्याळ, एकाच्या हातात गंडा, रखवालदाराच्या बोटांना विडीचा वास. ताम्हण वर जातं तेव्हा ते किंचित कलतं, कारण पाच जणांची उंची सारखी नसते, आणि कललेल्या बाजूनं थोडा भंडारा फरशीवर सांडतो. तो सांडायलाच हवा असतो. वहिनी तो पुसत नाहीत, चिमटीनं उचलून सगळ्यांच्या कपाळाला लावतात.

पाच माणसांची अट कुणी घातली मला माहीत नाही, पण शहराला तिच्याइतकी उपयोगी पडलेली अट मी दुसरी पाहिली नाही. ती पुरी करायला दार वाजवावंच लागतं. वर्षभर लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ज्यांच्याशी बोलणं नाही, त्यांच्या देवघरापर्यंत त्या दिवशी आत जायला मिळतं. हे देऊळ एवढंच असतं, ताम्हणाएवढं. पाचजण सोडून गेले की ते मोडतं, पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहतं.

कॉलनीच्या कोपऱ्यावर दुसरा एक देव आहे, म्हसोबा. पूर्वी इथं शेत होतं, बांधावर तो होता. शेताचे प्लॉट पडले, रस्ता आखला, आणि म्हसोबापाशी येऊन रस्त्यानं थोडं वळण घेतलं. ते वळण अजून आहे. नवखे मोटारवाले तिथं ब्रेक दाबतात. मूळ दगड कसा असेल कुणाला सांगता येणार नाही, कारण तेलातल्या शेंदराचा एकेक हात बसत बसत तो फुगत गेलेला आहे. दर अमावास्येला एक थर. शेंदराचा देव असा लेपानं वाढतो. त्याचा शिल्पी कुणी एक नाही. बांधावरच्या शेतकऱ्यापासून कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जाणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तळव्यांनी तो घडवलाय. नीट बघितलं तर त्या लाल अंगावर बोटांच्या ओळी दिसतात. नाशिकजवळच्या सप्तशृंगीचं शेंदराचं कवच २०२२ मध्ये काढलं तेव्हा ते हजार किलोंहून जास्त भरलं होतं. एवढी माणसं त्या देवीपाशी हात टेकून गेली होती.

इथं एक मनापासून सांगायचंय. या छोट्या देवांना आपण अलीकडे फरशा बसवतो. बाथरूमला बसवतो तशाच गुळगुळीत, पुढं स्टीलचं दार, त्याला कुलूप. जुन्या दगडी दीपमाळांना ऑइलपेंट फासतो. हे प्रेमानं होतं हे मला ठाऊक आहे, वर्गणी काढून होतं, त्यात माझीही वर्गणी आहे. तरी सांगतो, दीपमाळेचा दगड तेल पितो, काजळी धरतो, शंभर कार्तिकांचा काळेपणा त्याच्या हातांवर असतो. रंगाखाली तो गुदमरतो. आणि ज्या देवाला हात लावून वाढवायचं त्याला जाळीआड बसवलं तर त्याची वाढ थांबते. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी निदान एवढं करावं, दगडाला दगड राहू द्यावा आणि दाराला कुलूप लावू नये.

आता पाल. पुणे-बंगळूर महामार्गावर काशीळला वळायचं, थोडं आत गेलं की तारळी नदी आणि तिच्या काठी देऊळ. पालाई नावाच्या गवळणीच्या भक्तीनं देव इथं आला आणि तिच्यावरून गावाचं नाव पाल पडलं, अशी कथा. एरवी हे शांत गाव असतं. पौषात मात्र इथं लग्न असतं, खंडोबा आणि म्हाळसेचं, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड किती म्हणाल, तर नदीचं पात्र दिसत नाही.

ही जत्रा वाचायची असेल तर दुपारपासून तिथं असावं. दुपारी भंडारा अजून कागदाच्या पुड्यांत असतो, दुकानांच्या ओळींत राशींवर असतो, वाघ्यांच्या कातडी पिशव्यांत असतो. रंग अजून बांधलेला आहे. लोक एकमेकांच्या कपाळाला लावतात तेवढाच. मग देवळातून मिरवणूक निघते. मानकरी देवाचे मुखवटे पोटाशी बांधून घेतो. नवरदेवाला कडेवर घेतल्यासारखं. देव मूर्तीत असतो तेव्हा दूर असतो, मुखवटा होऊन माणसाच्या पोटाशी आला की त्याला माणसाचा श्वास लागतो, चालीचा हिसका लागतो, गर्दीचा रेटा लागतो. हा मला या सगळ्या सोहळ्यातला सर्वांत सुंदर तपशील वाटतो. मिरवणूक नदीच्या पात्रात उतरते. आणि मग पहिली मूठ वर जाते.

ती कुणाची हे कधी कळत नाही. एकाएकी सगळा भंडारा सुटतो. खाली माणसं आणि वर आभाळ यांच्यामध्ये पिवळ्याचा तिसरा थर तयार होतो. मावळतीकडे तोंड करून उभं राहिलं तर सूर्य त्या थरातून दिसतो, आणि सूर्य कुठला, हळद कुठली हे सांगता येत नाही. मार्तंडभैरवाचा अर्थ ज्यांना पोथीतून कळला नसेल त्यांना तिथं डोळ्यांनी कळतो. खोबऱ्याचे तुकडे डोक्यावर, पाठीवर टपटपतात. येळकोटाचा आवाज शब्द म्हणून ऐकू येत नाही, छातीत घुमल्यासारखा जाणवतो. कणकण हळद खाली बसायला लागते. पापण्यांवर, ओठांवर, हातातल्या मोबाईलच्या काचेवर. समोरचा माणूस बोटानं काच पुसतो तर ती आणखी पिवळी होते. आपल्या घरच्या लग्नात हळद फक्त नवरानवरीला लागते. पालमध्ये ती सगळ्यांना लागते. धोतराला, जीन्सला, बंदोबस्ताच्या पोलिसाच्या खाकीला, घोंगडीला. या लग्नात वऱ्हाडी कुणीच नाही, सगळे हळद लागलेले.

हे लिहिताना माझ्या मनात दुसरी एक पौषातली जत्रा असतेच. २५ जानेवारी २००५, वाई तालुक्यातला मांढरदेव. काळूबाईच्या अरुंद वाटेवर, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या भागातली कितीतरी घरं त्या दिवशी उघडी पडली. गर्दीच्या सौंदर्याबद्दल लिहिणाऱ्यानं तो दिवस विसरू नये. पायरी कोरडी ठेवणं, जायची आणि यायची वाट वेगळी करणं, पोरं-म्हातारी कडेला घेणं, हीही देवाची सेवाच आहे, आणि ती भंडारा उधळण्याच्या आधी करायची असते.

भंडाऱ्याचंही तसंच. आता रंग मिसळलेली पूड भंडारा म्हणून सर्रास मिळते. डोळे चुरचुरतात, कातडीला खाज सुटते. हळदीच्या शहरात राहतो म्हणून लोक मला खरा कसा ओळखायचा विचारतात. खरा भंडारा एवढा भडक नसतो. तो तळहातावर घेतला की रेषांत जाऊन बसतो. झटकला तरी वास मागं राहतो, मघाशी सांगितला तो, मातीचा आणि कडवट. आणि सर्वांत पक्की परीक्षा घरी गेल्यावर होते.

आमची आजी पालहून आल्यावर कपडे इतर धुण्यात टाकू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बादली घेऊन बसायची. माझा शाळेचा पांढरा शर्ट पाण्यात बुडवून त्याच्यावर साबण फिरवायची, आणि मी हे बघायलाच उकिडवा बसलेला असायचो. पिवळ्या खांद्यावर साबण लागला की तो तांबडा व्हायचा. एकदा घासताच, डोळ्यांदेखत. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू करायची युक्ती तीच, हे पुढं शाळेत कळलं. आजी एवढंच म्हणायची, "बघ, हळदीचं कुंकू झालं. लागलं एकदाचं लग्न." मग ती शर्ट दोनदा खळबळून, पिळून दोरीवर घालायची. ओला असेपर्यंत डाग फिक्कट पिवळा दिसायचा. उन्हं वर यायची तसतसा तो उडत जायचा. खरी हळद उन्हाला टिकत नाही, खोटा रंग टिकतो. दुपारी शर्ट काढायला गेलो की खांदा पांढराशुभ्र. मी कॉलर उलटून बघायचो. दुमडीच्या आत, जिथं ऊन पोचलेलं नसायचं, तिथं एक बारीक पिवळी ओळ राहिलेली असायची. सोमवारी तो शर्ट घालून मी शाळेत जायचो.